बाहेर जाण्याची वेळ

खारे शेंगदाणे संपले आणि पुडीचा कागद उलगडला, तर तो वर्तमानपत्राचा नव्हता. कुठल्याशा सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरचं पान होतं ते. पट्टीनं आखलेले रकाने, कडेला तिखट-मिठाचे डाग आणि पंचवीस ओळी. नाव, कुठून आले, कोणाकडे, मोबाइल नंबर, गाडी नंबर, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, सही. सगळं लिखाण एकाच निळ्या बॉलपेनाचं, म्हणजे टेबलाला सुतळीनं बांधलेल्या त्या पेनाचं. अक्षरं मात्र पंचवीस हातांची. पहिल्याच ओळीत सकाळी सात दहाला 'लॅब' आणि पुढे '३०४'. साडेअकराला 'मेडिकल – ३०४'. संध्याकाळी सहाच्या सुमाराला नुसतं 'डॉ.' आणि पुन्हा ३०४. मध्ये कुरिअर, पाण्याचे जार, ट्यूशनच्या बाई, कुणाचे पाहुणे. 'आत' चा रकाना प्रत्येक ओळीत भरलेला. 'बाहेर' चा रकाना दोन ओळी सोडल्या तर कोरा.

त्या पानावर कुणीही काहीही गुप्त लिहिलेलं नाही, आणि खटकतं ते नेमकं हेच. लॅबचा मुलगा रक्ताचे नमुने घ्यायला येतो हे जिन्यात भेटलेल्या कुणालाही दिसतं. औषधांची पिशवी दिसते. डॉक्टर ओळखू येतात. पण या तीन ओळी एका खाली एक आल्या की ३०४ मधलं आजारपण पानावर उभं राहतं, आणि ते तिथे कुणी लिहिलेलं नसतं. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक डॅनियल सोलोव्ह यांनी २००६ मध्ये खासगीपणाला होणाऱ्या इजांची वर्गवारी मांडली, तिच्यात 'एकत्रीकरण' अशी एक वेगळी इजा धरली आहे: सुटे, निरुपद्रवी तुकडे जवळ आणले की त्यांतून तुकड्यांत नसलेली गोष्ट तयार होते. नाव नसलं की धोका नसतो हा समजही असाच कच्चा. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की तिकडचा पाच आकडी पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकमेवपणे वेगळं काढता येण्याची शक्यता आहे. आपल्या रजिस्टरला तर जन्मतारीखही लागत नाही. फ्लॅट नंबर आणि वेळ पुरते.

यावर एक उत्तर नेहमी येतं. आपल्याकडे खासगीपणा होता कुठे? चाळीत गॅलरी सामाईक, नळ सामाईक, भिंती पातळ. कुणाच्या घरी आज काय शिजलं आणि कुणाचं कशावरून वाजलं हे सगळ्यांना ठाऊक. मग आत्ताच हे पाश्चात्य खूळ कशाला? हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही, आणि तो चुकतो कुठे हे चाळीतच दिसतं. शेजारणीला जावयाची नोकरी गेल्याचं माहीत असायचं, पण ती ते वाण्याला सांगत नसे, कारण मग उधारी बंद झाली असती. मुलगी बघायला आलेल्यांनी चौकशी केली तर काय बोलायचं आणि काय गिळायचं याचे नियम न लिहिता पक्के होते. शिवाय तिला तुमचं ठाऊक, तसं तुम्हालाही तिचं ठाऊक. माहिती भरपूर फिरायची, पण वाटा ठरलेल्या होत्या. उंबऱ्याच्या आतली, गॅलरीतली, चाळीतली आणि चाळीबाहेरची. ज्यानं वाट मोडली त्याला चहाडखोर म्हणत, आणि हा शब्द काही हलका नव्हता.

अमेरिकेतल्याच अभ्यासक हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये मांडलेला सिद्धांत याच्या फार जवळ जातो. त्यांच्या मते खासगीपणा म्हणजे माहिती लपवणं नव्हे, आणि माहितीवरचा मालकी हक्कही नव्हे. माहिती ज्या संदर्भात दिली त्या संदर्भाच्या रीतीनं ती पुढे जाणं म्हणजे खासगीपणा. तपासायला त्या पाच गोष्टी देतात: माहिती कुणाबद्दलची, कोण देतंय, कुणाला देतंय, कोणत्या प्रकारची आणि कोणत्या अटीवर. शेंगदाण्याच्या पुडीला हे पाचही प्रश्न विचारून पाहावेत. माहिती येणाऱ्याबद्दलची, आणि नकळत ३०४ बद्दलचीही. देणारा लॅबचा मुलगा. घेणारा वॉचमन. प्रकार म्हणजे नाव, नंबर, वेळ. अट एवढीच, की आत सोडण्यासाठी आणि काही कमीजास्त झालं तर शोध घेता यावा म्हणून. रद्दीवाल्याकडे जाताना यातला घेणारा बदलला आणि अट गळून पडली. एकही अक्षर बदललं नाही, तरी भंग झाला. 'गोपनीयता' हा सरकारी शब्द इथे अपुरा पडतो, कारण त्यात गोपन आहे, लपवणं आहे. 'खासगी' जास्त जवळचा वाटतो. होळकरांच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' अशा दोन वेगळ्या बाजू असत. खासगीचा जमाखर्च उघडपणे लिहिलेला, पण दौलतीच्या हिशेबात न मिसळणारा. गुप्त नसलेलं आणि तरीही वेगळं राखलेलं: हवा असलेला अर्थ त्या जुन्या हिशेबात आहे.

आणि गेटवरच्या रजिस्टरचं आपल्या घटनात्मक इतिहासाशी थेट नातं आहे. खडक सिंह नावाच्या उत्तर प्रदेशातल्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून धरलं होतं. पुरावा नाही म्हणून सोडलं, पण पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट, म्हणजे संशयितावर नजर ठेवण्यासाठीची नोंदवही, उघडली. मग उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीतल्या २३६ व्या कलमानुसार पाळत सुरू झाली. त्या कलमाचे पोटभाग वाचण्यासारखे आहेत: घरावर गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन तपासणी, ठरावीक काळानं चौकशी, आणि शिपाई व चौकीदारांनी त्या माणसाच्या हालचालींची व घरातल्या गैरहजेरीची खबर देणं. चौकीदार, हालचाल, गैरहजेरी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९६२ मध्ये फक्त रात्रीच्या तपासणीचा भाग रद्द केला, बाकी पाळत राहू दिली, कारण बहुमताच्या मते खासगीपणा हा आपल्या घटनेनं हमी दिलेला हक्क नव्हता. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि शाह यांचं मत वेगळं होतं. पाळतीखाली मोकळ्या रस्त्यावर चालणारा माणूसही मोकळा नसतो, हा त्यांच्या मताचा गाभा. अल्पमत खरं ठरायला चोपन्न वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि खडक सिंह निकालातला तो भाग पुसला.

पण मूलभूत हक्क प्रामुख्यानं सरकारविरुद्ध चालतो. गेटवरचा चौकीदार आता सरकारचा नाही, आपलाच आहे. त्याचा पगार मेंटेनन्समधून जातो.

सोसायटी, दुकान, कंपनी यांच्यासाठी स्वतंत्र कायदा लागतो, आणि तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमाराला, लागू व्हायच्या आहेत. या कायद्यापुढे आपली पुडी ठेवली तर तो तिच्याकडे बघणारच नाही. तिसरं कलम सांगतं की डेटा डिजिटल रूपात गोळा केलेला हवा, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेला हवा. रजिस्टर वहीतच भरलं, वहीतच राहिलं आणि रद्दीत गेलं, तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते कायद्याबाहेर. सेक्रेटरींनी महिन्याच्या शेवटी त्याच पानाचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकला की मात्र तो डेटा आत आला. या रेषेमागे व्यवहाराचा विचार आहे हे कळतं. देशातली प्रत्येक वही कोण तपासणार? पण आपल्याकडची बरीचशी माहिती अजून वह्यांत, फॉर्मांत आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत आहे, आणि ती किलोवर विकली जाते.

वहीच्या जागी अ‍ॅप आलं तर बरं, असं इथे वाटू शकतं, आणि काही बाबतीत ते खरंही आहे. पुढचा पाहुणा आधीच्याचा नंबर वाचू शकत नाही, हा साधा फायदा मोठा आहे. पण अ‍ॅप विसरत नाही. वही भरली की पोटमाळ्यावर जाते, तिथे तिला वाळवी लागते. अ‍ॅपमधली ३०४ ची ओळ तीन वर्षांनीही एका शोधात समोर येते. सगळ्यात जास्त फरक पडतो तो घरकामाला येणाऱ्या बायकांना. मावशींचा फोटो, नंबर, त्या कोणकोणत्या घरी काम करतात त्याची यादी, चार-सहा आकडी कोड, आणि गेटवर तो दाबला की सगळ्या घरांच्या मोबाइलवर एकदम वाजणारी सूचना. काही अ‍ॅपमध्ये हजेरीचा तक्ता आणि तारेही द्यायचे असतात. पूर्वी पहिल्या घरातून निघून दुसऱ्या घरी शिरेपर्यंत जिन्यात टेकायची, मुलाच्या शाळेत फोन लावायची दहा मिनिटं त्यांची असत, आणि ती कुठल्याच हिशेबात नसत. आता गेटवरची आठ पाचची नोंद दुसऱ्या मजल्यावरच्या घराकडेही असते आणि 'आठ पाचला आलात ना, मग इतका वेळ कुठे होतात?' हा प्रश्न तयार असतो. त्या घरातली माणसं परगावी गेली तर मात्र मावशींना दारावरचं कुलूप पाहूनच कळतं. त्यांच्या फोनवर कुठलीही सूचना वाजत नाही. चाळीतली माहिती दोन्ही बाजूंनी वाहायची. ही एकाच बाजूनं वाहते.

कायद्याचं उत्तर आहे संमती. सहावं कलम तिच्या अटी सांगतं: मोकळी, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि नि:संदिग्ध, आणि लागेल तेवढ्याच डेटापुरती. कलमाखालचं उदाहरण चांगलं आहे. एका बाईनं डॉक्टरी सल्ल्याचं अ‍ॅप घेतलं, अ‍ॅपनं फोनमधली संपर्कयादीही मागितली आणि तिनं दोन्हींना होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्यानं होकार सल्ल्यापुरताच धरला जाईल. होकार दिला असतानाही कायदा तिच्या बाजूनं उभा राहतो, हे मोलाचं आहे. संमती मागताना द्यायची लेखी सूचना मराठीत मागण्याचाही हक्क आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत ती मिळायला हवी. या कायद्यात व्यक्तीसाठी सर्वत्र 'she' (ती) हे इंग्रजी स्त्रीलिंगी सर्वनाम आहे आणि त्यात सगळ्यांचा समावेश धरला आहे. म्हणजे कागदावर तरी ही कायद्यातली व्यक्ती आधी मावशी आहे, मग आपण.

आता त्या 'ती' ला गेटवर उभं करू. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायला तिनं नकार दिला तर गेट उघडत नाही. गेट उघडलं नाही तर एका नव्हे, चार घरांचा पगार जातो. संमती मागे घेता येते, देताना जितकी सोपी तितकीच सोपी, असं सहाव्या कलमात आहे. आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की मागे घेतल्याचे परिणाम तिनं सोसायचे. सातवं कलम तर नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीविनाही डेटा वापरू देतं. शिवाय कुणा व्यक्तीनं स्वत:च्या घरगुती कारणासाठी केलेला वापर कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. माझ्या वाचनाप्रमाणे सोसायटी ही कायदेशीर संस्था असल्यानं तिला ही घरगुती सूट मिळू नये. पण अ‍ॅपवर वेळ बघून पगार कापणारं घर? ते बहुधा सुटतं. डेटा तोच, बाई तीच, इजा तीच, आणि जिथे ती प्रत्यक्ष होते ती जागा बाहेर राहते.

संमती कधीतरी खरंच पुरेशी होती का, हा प्रश्न अभ्यासक किमान पंधरा-वीस वर्षं विचारत आहेत. अलीशिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की एका अमेरिकन माणसानं वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं धोरण खरोखर वाचायचं ठरवलं तर वर्षाला २०० तासांहून जास्त वेळ जाईल. सोलोव्ह यांनीच २०१३ मध्ये लिहिलं की प्रत्येकानं आपापला खासगीपणा सांभाळावा ही व्यवस्था मुळातच पेलणारी नाही. वाचायला वेळ नसतो, वाचलं तरी पुढे काय जोडलं जाईल ते कळत नाही, कळलं तरी नाही म्हणायची सोय नसते. यातलं तिसरं कारण अमेरिकी लेखांत थोडक्यात उरकलेलं असतं. आपल्याकडे तेच पहिलं धरायला हवं.

म्हणून मला दुसरा धागा जास्त आशेचा वाटतो. अमेरिकी कायदेपंडित जॅक बाल्किन यांनी मांडलं की डॉक्टर किंवा वकील जसे अशिलाशी निष्ठेनं बांधलेले असतात, तसं माहिती गोळा करणाऱ्यांनाही बांधावं. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं जुलै २०१८ च्या अहवालात हाच विचार घेतला आणि 'डेटा फिड्युशिअरी' हा शब्द आपल्या कायद्याच्या भाषेत आला. मराठीत त्याला 'विश्वस्त' म्हणावं. मराठी माणसाला विश्वस्त कळतो. देवस्थानाचे पैसे कुणाच्या हाती असतात आणि त्यानं ते खाल्ले तर गाव काय म्हणतं, हे समजावून सांगावं लागत नाही. लीना खान आणि डेव्हिड पोझेन या अमेरिकी कायदे-अभ्यासकांनी २०१९ मध्ये या कल्पनेवर कठोर टीका केली: ज्या कंपनीची कमाईच माहितीवर चालते ती भागधारकांशी आणि वापरणाऱ्यांशी एकाच वेळी एकनिष्ठ कशी राहील? टीका रास्त आहे, पण ती मोठ्या कंपन्यांना लागू पडते. सोसायटीची कमाई मावशींच्या फोटोवर चालत नाही. तिला विश्वस्त व्हायला कुणाची आडकाठी नाही, फक्त कंटाळा आडवा येतो. आपल्या २०२३ च्या कायद्यानं मात्र शब्द ठेवला आणि निष्ठेचं कर्तव्य त्यात फारसं भरलं नाही. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ४३ अ कलमात बाधित व्यक्तीला भरपाईची सोय आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमही जाणार. ज्या ३०४ ची गोष्ट पुडीत निघाली त्यांना यातून एक रुपयाही मिळायचा नाही.

जे हातात आहे ते गेटवरच आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. आधी रकाने कमी करावेत. इंटरकॉमवर घरातून होकार आला असेल तर मोबाइल नंबरची गरज उरत नाही. तो फक्त घरी कुणी नसताना आलेल्या अनोळखी माणसाकडून घ्यावा. 'कुठून आले' हा रकाना पूर्ण काढावा. 'लॅब' आणि 'डॉ.' तिथूनच येतं, आणि चोर काही तिथे खरं लिहीत नाही. पानावर एका ओळीएवढी खाच कापलेला पुठ्ठा ठेवला की वरच्या ओळी झाकल्या जातात. आधार कार्डाची झेरॉक्स फाइलला लावण्याचं काहीच कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालानं खासगी संस्थांना आधार कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली मिळणारी वाट बंद केली आहे, आणि ओळख पाहायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार बघून परत द्यावं. अ‍ॅप असेल तर कमिटीनं तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: नोंदी किती दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, कोणाकोणाला दिसतात, करार संपल्यावर डेटाचं काय होतं. बहुतेक ठिकाणी गडबड याहून साधी असते. कमिटी बदलते आणि जुन्या सेक्रेटरींचं लॉगिन तसंच राहतं. सिक्युरिटी एजन्सी बदलते आणि गेटवरचा फोन, चालू लॉगिनसकट, जुन्या सुपरवायझरच्या खिशातून जातो.

आणि पुसण्याची तारीख. आठवं कलम सांगतं की हेतू संपला की डेटा पुसावा. गेटवरच्या नोंदीचा हेतू किती दिवस जिवंत असतो? सीसीटीव्हीचं चित्रण हार्ड डिस्क भरली की साधारण पंधरा-तीस दिवसांत स्वत:वरच पुन्हा लिहिलं जातं, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. वहीलाही तीसच दिवस द्यावेत. पोलिसांत तक्रार झाली असेल तर तेवढी पानं वेगळी काढून ठेवावीत. दिवसाला शंभर माणसं येणाऱ्या सोसायटीत, पानाला पंचवीस ओळी धरल्या, तर दोनशे पानांचं रजिस्टर पन्नास दिवसांत भरतं. वर्षाला सात रजिस्टरं. एवढी पानं नष्ट करायला एक दुपार लागते, आणि ती दुपार कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

नष्ट करणं म्हणजे फाडणं नव्हे. पुडीचा कागद चार तुकडे करून बघितला. मोबाइल नंबरचा रकाना उभा असतो आणि नंबर आडवा, त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर दोन-चार नंबर सबंध राहिले. मग तुकडे बादलीत टाकले. बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्यात पसरते, बॉलपेनची तेलकट असते, ती पसरत नाही. तासाभरानं कागद मऊ पडला, तिखटाचा तवंग वर आला, रेघा फिकट झाल्या, आणि ७:१० तसंच निळं राहिलं. त्यापुढचं ३०४ सुद्धा. बोटांत धरून चोळत राहिलं तेव्हा कुठे लगदा झाला.